बागायतीकडनं बोला

त्यांच्याशी कुणी बोलायला गेलं की ते आधी त्याचं कोपर धरायचे. घट्ट धरायचे नाहीत, पण सोडवूनही घेता यायचं नाही. मग बैलाला जुवाखाली वळवावं तसं त्या माणसाला फिरवून आपल्या डाव्या अंगाला उभं करायचे आणि म्हणायचे, "हां, आता बागायतीकडनं बोला. तिकडं समदं पडीक हाय."

पडीक म्हणजे उजवा कान. त्या कानाशी शंख फुंकला तरी त्यांना पत्ता लागत नसे. डावा मात्र इतका तल्लख, की दुकानाच्या मागल्या दारी हमालाने तळहातावर तंबाखू थापटली तरी इकडून ओरडायचे, "एकलाच खातोस व्हय रं?" एकदा मामलेदारसाहेब पेठ बघायला आले, तर यांनी त्यांचंही कोपर धरून त्यांना फिरवलं. साहेब लालबुंद झाले. पण वळले.

मी तेव्हा एका अडत दुकानात दिवाणजी होतो. पेठ हळदीची, सांगलीच्या आसपासची. नाव सांगत नाही, कारण तिथली काही मंडळी अजून हयात आहेत आणि कायदा त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतो. शेतकऱ्याचा माल आमच्या दुकानासमोर उतरायचा, आणि व्यापाऱ्याशी त्याचा सौदा जमवून द्यायचं काम दलालाचं. ते दलाल हे.

सगळे त्यांना हवालदार म्हणत. खरं तर पलटणीतून ते नाईक म्हणून सुटले होते. पुढची बढती पेठेने दिली. मूळचे मेढ्याच्या वरच्या डोंगरातले. पहिल्या लढाईत बसऱ्याला गेले आणि तिथे तोफेने कान नेला. हा किस्सा दर वेळी बदलायचा. कधी तोफ तुर्काची असे, कधी आपलीच. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "आवं दिवाणजी, कानाला काय ठावं तोफ कुनाची ती! फुटली, बास." पलटणीतल्या एका सांगलीकडच्या दोस्ताने त्यांना खाली आणलं. आधी पोती वाहिली, मग दलाल झाले. इकडे इतकी वर्षं काढून बोलणं मात्र वरच्या डोंगरातलंच राहिलं.

आता रुमालाचा सौदा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय कोण जाणे. हळद जमिनीवर ओतायची. ढिगाशेजारी शेतकरी उकिडवा बसलेला. व्यापारी आणि दलाल समोरासमोर, आणि दोघांच्या हातांवर एक रुमाल. त्या रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. कोणतं बोट म्हणजे काय भाव, ते त्या दोघांना ठाऊक. तोंडातून अवाक्षर निघायचं नाही. वर पान चघळणं चाललंय आणि खाली एका घराचं अख्खं वर्ष ठरतंय. शेतकऱ्याने बापड्याने दोघांच्या तोंडाकडे टकामका बघत बसायचं.

त्यात लबाडी चालायची. चालायची कसली, लबाडीसाठीच तर रुमाल होता! बोटांनी ठरलेला भाव एक, शेतकऱ्याला सांगितलेला दुसरा, आणि मधलं लोणी दोघांनी वाटून खायचं. माझा मालकही त्यातलाच. त्याचं मीठ मी खाल्लं, पण म्हणून आता म्हातारपणी त्याच्या नावाने आरती ओवाळणार नाही.

हवालदारांची रीत वेगळी होती. सौदा ठरला की रुमाल झटकायच्या आधी ते शेतकऱ्याला जवळ बोलवायचे, त्याचा हात रुमालाखाली घ्यायचे आणि व्यापाऱ्याने जशी बोटं धरली होती तशीच त्याची धरून दाखवायचे. "कळलं का रं? माल तुजा हाय, मग बोटं बी तुजीच पायजेत." पहिल्यांदा लोकांना काही उमजायचं नाही. भाव कळण्याऐवजी गुदगुल्या व्हायच्या, एक जण तर "सोडा सोडा" करत पळाला होता. पण हळूहळू सगळे शिकले. मग काय, आसपासच्या गावांतून गाड्या यायच्या त्या "हवालदार हायत का?" असं विचारतच यायच्या.

यात सगळ्यांत पुढे डिग्रजचे आबा. आता हयात नाहीत. अंगाने काटकुळे, आवाज मात्र माळावरून हाक मारणाऱ्याचा. आबांना पोटात काही ठेवता येत नसे. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेने माहेरची वाट धरली, सगळं भर पेठेत जाहीर. पण माणूस सरळ. खोटं बोलता येत नाही म्हणून सोयरिकीच्या बैठकीला त्यांना घरचे लोक नेत नसत. हवालदारांवर त्यांचा जीव होता, आणि ते हवालदारांच्या डाव्या कानाशीसुद्धा ओरडूनच बोलायचे. हवालदार म्हणायचे, "आबा, दमानं. ह्यो एकच ऱ्हायलाय."

पडीक कानाचा उपयोगही व्हायचा. पेठेतले एक बडे व्यापारी होते, त्यांना नुसतं शेटजी म्हणू या. शेतकऱ्याला बोटं शिकवल्याचा राग मनात धरून ते एकदा हवालदारांना झापायला आले आणि नेमके उजव्या अंगाला उभे राहिले. "पेठेचे रिवाज मोडता, आमच्या पोटावर पाय आणता," असं बराच वेळ चाललं होतं. हवालदार शेंगा फोडून खात बसलेले. शेटजी दमून थांबले तेव्हा यांनी सहज मान वळवली आणि म्हणाले, "या या, शेटजी! कवा आला?" सगळी पेठ खदखदून हसली. हमाल तर पोत्यांवर लोळले. शेटजीही हसले, पण त्यांचे डोळे काही हसत नव्हते. ते मी पाहिलं होतं.

पुढे लढाई संपली, दुसरी, आणि वरून फर्मान आलं: रुमाल बंद. यापुढे सौदा उघड्यावर, तोंडाने, चारचौघांच्या देखत. बाजारावर देखरेखीला पंचांची कमिटी. फार चांगला कायदा, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल दिवाणजी रुमालाची बाजू घेतोय. ज्या दिवशी तो हुकूम वाचून दाखवला त्या दिवशी हवालदारांनी स्वतः पेढे वाटले. "आता मला कुनाचा हात धराया नगं. समदं उगड्यावर!" आणि पंच म्हणून कमिटीवर कोण आलं? शेटजी, माझा मालक आणि त्यांचेच भाऊबंद. ज्यांनी जन्मभर रुमालाखाली खाल्लं, तेच आता उघड्या सौद्याचे राखणदार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, त्यातली गत.

पेढे वाटणाऱ्या माणसाच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. उघड्या सौद्यात दलाल ढिगापाशी मध्ये उभा राहतो आणि व्यापारी चहूबाजूंनी बोली देतात. कुणी काय बोली दिली ते ऐकायचं आणि ती कुणी दिली तेही लगेच ओळखायचं. एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो हो, पण तो आला कुठून ते कळत नाही. त्याला सगळं जग डावीकडूनच बोलतं. पहिल्या दिवशी हवालदार त्या रिंगणात घाण्याच्या बैलासारखे गरगर फिरले. बोली मागून आली की डावीकडे बघायचे, उजवीकडून आली की डावीकडे बघायचे. एका व्यापाऱ्याच्या नावावर पुकारलेला सौदा दुसऱ्याचा निघाला. मग भांडण.

व्यापाऱ्यांना आयताच खेळ मिळाला. मुद्दाम उजव्या अंगाला उभं राहून बोली द्यायची, आणि यांनी विचारलं की आभाळाकडे बघायचं. "मी कुठं बोललो? हवालदार, तुमच्या कानात बसऱ्याची तोफ वाजतीय!" लोक हसायचे. ज्या माणसाने पेठेला आयुष्यभर हसवलं त्याच्यावर हसायला पेठेला जरासुद्धा जड गेलं नाही. हे लिहितानासुद्धा माझं डोकं फिरतं.

शेवटी कमिटीने त्यांना बोलावलं. दलालाला कमिटीचा पितळी बिल्ला असे. तो दंडावर असल्याशिवाय रिंगणात उभं राहता येत नसे. शेटजी अगदी मधाळ बोलले. म्हणाले, "हवालदार, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण दोन्ही कान चालते नसतील तर नव्या हंगामात बिल्ला कसा द्यायचा? आजकाल ऐकायची यंत्रं मिळतात. एखादं घ्या. नाहीतर बाजूला व्हा." बाहेर आल्यावर हवालदारांनी दंडावरचा बिल्ला धोतराच्या सोग्याने पुसला आणि मला म्हणाले, "दिवाणजी, ह्यो गेला तर मी कोन? निस्ता एक भैरा म्हातारा." त्यांना एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघे आधी मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ कान तपासला. मग स्वतः उठून डाव्या बाजूला आले आणि स्वच्छ सांगितलं, "उजव्या कानाची नस मेलेली आहे. जिथे थोडंफार ऐकू येतं तिथे यंत्र आवाज मोठा करतं. इथे काहीच शिल्लक नाही. यंत्र घेऊ नका. डावा कान जपा." हवालदारांनी रामराम केला आणि बाहेर येऊन म्हणाले, "डाक्टर लय भला मानूस. पर त्याला पेठ कुटं ठावं?" म्हणजे डॉक्टरांचं बोलणं त्यांनी ऐकलं डाव्या कानाने आणि ठेवलं उजव्यात.

त्याच सुमारास मुंबईचा एक एजंट सांगलीला एका लॉजात येऊन उतरला होता. त्याच्याकडे ऐकायची यंत्रं आहेत असं कळलं. सुटाबुटातला, केसांना तेल, तोंडात सारखं 'बाबासाहेब, बाबासाहेब'. खाटेवर त्याने तीन वस्तू मांडल्या. पहिली, पितळी कर्णा. हवालदारांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "ह्यो लावून मी काय देवाच्या पालखीम्होरं चालू?" कर्णा बाजूला. दुसरं यंत्र तव्यासारखं चपटं, छातीवर टांगायचं. ते लावलं तर नुसती भजी तळल्यासारखी चुरचुर. "ह्यात तर कुनीतरी कढई ठिवलीया," म्हणाले.

तिसरी होती एक काळी पेटी, खिशात मावेल न मावेल अशी. तिला वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंडूक, आणि कमरेला बांधायचा बॅटरीचा वेगळा डबा, चामडी पट्ट्याचा. तो पट्टा पाहून हवालदारांचे डोळे चमकले. "ही तर शिग्नलवाल्याची पेटी!" पलटणीत तारायंत्रवाल्यांचा फार मान, हे मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं होतं. उठून ताठ उभे राहिले, पट्टा बांधला, बोंडूक उजव्या कानात बसवलं. एजंट उजव्या बाजूला गेला, कळ फिरवली आणि म्हणाला, "बाबासाहेब, ऐकू येतंय?"

हवालदारांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "येतंय! येतंय की! दिवाणजी, तुमी बोला, पडीकाकडनं बोला!" मी बोललो. तेही ऐकू आलं. मला हसू आवरेना आणि त्यांचे डोळे भरले. इतक्या वर्षांत उजवीकडून ऐकू आलेला ओळखीचा आवाज माझाच पहिला, असं म्हणाले. त्या आनंदात एजंट सांगेल ती किंमत दिली. आकडा सांगत नाही, आजही तोंड कडू होतं.

डावा कान उघडा होता, हे त्या खोलीत तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. एजंटाच्या आलं असेल, तर त्याने ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानावर आले. पेटी छातीवर, डबा कमरेला, पण चालणं पडलेलं. माझं कोपर धरलं आणि मला पुन्हा डावीकडे फिरवलं. म्हणाले, "फसलो, दिवाणजी." जेवून जरा लवंडले होते, सवयीने डावा कान उशीत घालून. पेटी चालूच होती. बायको जवळ बसून हाका मारत होती. शेवटी तिने दंड हलवला तेव्हा कळलं. "आवं, त्या खोलीत आइकत हुता त्यो डावाच. ह्याच्यात माती हाय, माती."

मी म्हटलं, "परत करू या. चला, आत्ता जाऊ."

"त्यो सकाळच्याच गाडीनं कोल्लापूरला गेला." मग पट्टा नीट करत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कमिटीला कान बगायचा न्हाई, पेटी बगायची हाय."

आणि तसंच झालं. हंगामाच्या तोंडावर हवालदार पेटी बांधून कमिटीसमोर उभे राहिले. पंचांनी पेटी हातात घेतली, वास घेतला, वायर ओढून पाहिली, आणि बिल्ला दिला. माझ्या मालकाने तर "मुंबईची दिसते" असा शेरा मारला. उंटावरचे शहाणे!

पण रिंगणात उभं राहायचं कसं? तो प्रश्न होताच, आणि तो सोडवला शेतकऱ्यांनी. कुणी ठरवून नाही. पहिल्याच दिवशी आबांचा ढीग होता. बोली आली, हवालदार डावीकडे वळले, तसं ढिगाशेजारी बसलेल्या आबांनी मांडीवरून हळूच बोट उजवीकडे केलं. हवालदार गर्रकन वळले आणि नेमका माणूस पकडला. "तुमची बोली, शेट! बोला म्होरं!" दुसऱ्या ढिगावर दुसऱ्याने तेच केलं. आठवड्याभरात ती पेठेची रीतच झाली. ज्याचा ढीग तो उकिडवा बसून बोटाने दाखवणार, हवालदारांची नजर त्या बोटावर. भाव तर सगळ्यांच्या कानांवर पडतच होता. बोट फक्त माणूस दाखवी. पेटी बंद असायची, तिची बॅटरीही महाग आणि मुंबईशिवाय मिळत नसे. सौदे असे झडायला लागले की विचारू नका. त्या हंगामात हवालदारांना मी शीळ घालताना ऐकलं. त्यांना शीळ घालता येते हेच मला माहीत नव्हतं.

शेटजींना हे फार दिवस कळलं नाही. त्यांना खरंच वाटलं की पेटी चालते. ते उजवीकडून पुटपुटायचे आणि हवालदार त्यांना हसत हसत पकडायचे. पण एक दिवस बॅटरीचा डबा पट्ट्यावरून सुटून खाली पडला, वायर निघाली, आणि हवालदारांनी ती न लावताच पुढचे सौदे तसेच बिनचूक पुकारले. शेटजी तिथेच उभे होते. त्यांनी बघितलं, आणि मग शेतकऱ्यांच्या मांड्यांकडे बघितलं.

कमिटी बसली. तक्रार काय, तर उघड्या सौद्यात बोटांचा इशारा चालतो. कायद्यात कलम होतंच: हाताने, बोटाने, कोणत्याही खुणेने सौदा करण्यास सक्त मनाई. रुमालातल्या लबाडांसाठी लिहिलेलं ते कलम, आणि ते लावायचं कुणावर, तर ज्याने शेतकऱ्याला बोटं शिकवली त्याच्यावर! लावणारे कोण, तर रुमालाचे जुने भक्त. मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

हवालदारांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी पुकारतो त्ये तोंडानं. खुनेनं सौदा केला असंल तर दावा." दाखवणार कसं? शेटजींनी पाहिलं होतं खरं, पण तक्रारदाराच्या एकट्याच्या शब्दावर बिल्ला काढला तर बोभाटा झाला असता. साक्षीदार हवा होता, आणि व्यापाऱ्यांतला चालणार नव्हता. प्रकरण तिथेच मिटत होतं. एवढ्यात शेटजी म्हणाले, "एखाद्या शेतकऱ्यालाच विचारू की. बाहेर कोण आहे?"

बाहेर आबा होते. हवालदारांवर काही बालंट आलंय एवढंच कळून पळत आले होते. आत आले ते घामाघूम. शेटजींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग गोड आवाजात विचारलं, "आबा, लोक म्हणतात हवालदारांना ऐकू येत नाही. यांना बिल्ला नको म्हणतात. तुमचं काय म्हणणं?"

आबा उठून उभे राहिले. छाती काढली. त्यांना वाटलं, आता आपल्या माणसाची बाजू राखायची वेळ आली. म्हणाले, "कोन म्हनतो आडतंय? आवं, न्हाई ऐकू येत तर न्हाई! आमी हाय न्हवं? आमी समदी बोटं दावतो त्येला! त्या पेटीचं काय सांगता, ती तर बंदच असती! पर एक सौदा चुकला का? सांगा की, एक तरी चुकला का?"

पंच एकमेकांकडे बघायला लागले. आबांना वाटलं, आपण सगळ्यांना गार केलं. ते हवालदारांकडे बघून हसले. हवालदारही हसले. खरंच हसले हो, मी समोर होतो.

आबांना मानाने बाहेर पाठवलं. मग माझ्या मालकाने मला खूण केली, आणि मी साक्ष लिहून घेतली. बिल्ला हवालदारांनीच दंडावरून काढला. टेबलावर ठेवताना एवढंच म्हणाले, "साक्षीदाराचं नाव भाईर सांगू नगा. तेवढं तरी करा." पंचांनी ते आनंदाने कबूल केलं, त्यांनाही शेतकऱ्यांत गवगवा नकोच होता.

पण बिल्ला गेल्याची बातमी राहते थोडीच! आबा पेटले. येत्या बाजाराला सगळ्या गावांतली माणसं घेऊन कमिटीवर जायचं, हवालदारांना पुढे घालायचं आणि बिल्ला परत घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं त्यांनी गावोगाव फिरून ठरवलं. त्या बाजाराला खरोखरच पेठ माणसांनी भरली. हवालदार मात्र आदल्या दिवशीच बायकोला घेऊन निघून गेले होते. घराला कुलूप. शेतकरी ताटकळले, उन्हात बसले, एकमेकांवर चिडले आणि माल ओतून घरी गेले. त्यांचे सौदे दोन्ही कान शाबूत असलेल्या एका नव्या दलालाने केले. व्यापाऱ्यांनी भाव आदल्या संध्याकाळीच आपसांत ठरवलेले. सकाळी ते मोठमोठ्याने, अगदी कायद्याप्रमाणे पुकारले. शेतकऱ्यांनी ते नीट ऐकले.

पुढे वर्षभराने मालकाच्या कोर्टाच्या कामासाठी मी साताऱ्याला गेलो. एका बंगल्याच्या फाटकावर हवालदार बसलेले. राखणदार! एका कानाचा राखणदार ठेवणाऱ्या त्या मालकाचं मला नवल वाटलं. त्यांनी मला ओळखलं, कोपर धरून फिरवलं, आणि चहा पाजला. पेटीचं विचारलं तर म्हणाले, "कारभारनीनं तिच्यात बटनं ठिवल्यात. बरी हाय, झाकन घट्ट बसतंय."

मग मी त्यांच्यावर भडकलो. अहो, सगळा मुलूख तुमच्यासाठी जमला होता, आणि तुम्ही पळून आलात? लोक काय म्हणतात ठाऊक आहे?

"ठावं हाय." बराच वेळ ते फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. "दिवाणजी, समदी कमिटीवर गेली असती तर शेटजीनं साक्षीचा कागुद काडला असता. भर पेठंत वाचला असता. आबाचं काय झालं असतं?"

मी म्हटलं, "व्हायचं ते झालं असतं. त्यांनीच तर बोलून घात केला."

"त्यो खरं बोलला," हवालदार म्हणाले. "जल्मात दुसरं काय केलं न्हाई त्यानं. त्येला कळलं, की आपल्या खऱ्या बोलन्यानं हवालदार बुडाला, तर त्यो पुन्ना कवा तोंड उगडंल का? तुमी सांगायचं न्हाई. मी असंतोवर न्हाई, आन् मागनं बी न्हाई. घ्या शपत." आणि माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला. मला शपथ घ्यावी लागली. अशी शपथ घालणाऱ्या माणसाचा मला तेव्हा राग आला होता, आणि अजून आहे.

पुढल्या हिवाळ्यात ते गेले. साताऱ्याहून आलेल्या एका गाडीवानाकडून कळलं. ताप आला होता म्हणे, चार दिवसांचं निमित्त.

हळदीचा हंगाम सुरू झाला तसे आबा आले. थकले होते, आवाज मात्र तोच. ढीग ओतून झाल्यावर उपरण्याने तोंड पुसत माझ्या बैठकीशी टेकले. मी म्हटलं, "आबा, आपले हवालदार गेले हो."

आबांनी उपरणं झटकलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"आमच्यासाटी त्यो तवाच गेला, दिवाणजी. आमी समदी उन्हात बसलो, आन् त्यो पळाला. लढाईवरचा मानूस म्हनं!" आणि आबा बाजूला थुंकले. "तुमीच सांगा, मी त्याच्यासाटी कमिटीत उबा ऱ्हायलो का न्हाई? वाघावानी बोललो का न्हाई?"

"बोललात," मी म्हटलं. "मी होतो तिथे."

"मंग? कुनासाटी बोललो मी?"

आबा माझ्याकडे बघत होते, उत्तर हवं होतं त्यांना. तिकडे रिंगणात नवा दलाल त्यांच्या ढिगाची पहिली बोली पुकारत होता.

"हळद चांगली उतरलीय यंदा," मी म्हटलं.